गॅदरिंगला भुतांची नाटिका बसवताना

भुतं दोनच घ्या: मुंजा आणि हडळ. तिसरं आलं की स्टेजवर नुसती गर्दी. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंजीआधीच गेलेला पोरगा, मुक्काम पिंपळावर. म्हणून धोतर, जानवं, शेंडी. नाटिकेची नायिका सातवीतली मुलगी; तिच्याशी त्याची गट्टी पटकन जमते.

खरा हशा हडळीच्या उलट्या पायांत आहे. पुठ्ठ्याची पावलं कापून, बोटं टाचेकडे ठेवून, काळ्या मोज्यांवर दोऱ्यानं शिवा. नुसता गोंद दुसऱ्या उडीला सुटतो. साडी घोट्याच्या चार बोटं वर नेसवा, नाहीतर एवढी मेहनत झाकली जाते.

तोंडाला टाल्कम फासू नका, घामानं ओघळ येतात. पांढरा पॅनकेक, म्हणजे मेकअपची वडी, ओल्या स्पंजनं पातळ लावा. हिरवा जिलेटिन कागद लावलेला दिवा खालून, तोही फक्त भुतांच्या एंट्रीला. सतत ठेवला तर मुलगीही भूत दिसते.

मुलीनं एकदाही किंचाळायचं नाही. हडळ ओरडली की शांतपणे डबा पुढं: "मावशे, आदी भाकरी खा की. तांबडा रस्सा हाय, सोसंल न्हवं?" इथं दोन सेकंद थांबा. हशावर पुढचं वाक्य टाकलं की ते मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही.