रेकॉर्डरवाला डिश बॉक्स अडकतोय? कस्टमर केअरला फोन लावायच्या आधी हे करून बघा

सगळ्यात आधी एक सांगतो, फोनवरच्या माणसाने "फॅक्टरी रीसेट मारा" म्हटलं की लगेच मारू नका. मी मारला होता. साठवून ठेवलेलं सगळं रेकॉर्डिंग उडालं आणि बिघाड जिथल्या तिथे, कारण गडबड वर डिशच्या एलएनबीत (डिशसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) होती आणि मी खाली बॉक्स पुसत बसलो होतो. म्हणून दोष कुठे आहे ते आधी आपणच शोधायचं, फोन नंतर.

रेकॉर्डिंग जिथे अडकतं तिथून थोडं मागे घ्या आणि परत लावा. दर वेळी त्याच सेकंदाला चौकटी चौकटी होत असतील तर ते बहुतेक रेकॉर्ड होतानाच खराब झालंय, म्हणजे सिग्नल, केबल नाहीतर पाऊस. दर वेळी वेगळ्याच जागी अडकत असेल आणि लाइव्ह चॅनल मात्र व्यवस्थित दिसत असतील तर संशय हार्ड डिस्कवर घ्या. एवढ्या एका टेस्टने निम्मं काम होतं.

आता डिस्कचं. लाइव्ह प्रोग्राम पॉज करता यावा म्हणून बॉक्स चालू असेपर्यंत ही डिस्क सतत लिहीत असते, आणि वरून आपण बॉक्स बंद कपाटात कोंबतो, त्यावर अजून एखादं यंत्र ठेवतो, मग ती तापणार नाही तर काय. आधी तो मोकळ्या जागी ठेवा, जुनं रेकॉर्डिंग डिलीट करून थोडी जागा करा, काठोकाठ भरलेल्या डिस्कवर बरेच बॉक्स रडतात. पण आतून टकटक आवाज येत असेल तर वेळ घालवू नका, जे बघायचंय ते आत्ताच बघून घ्या.

सिग्नलचा संशय असेल तर मेनूत स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी दोन्ही आकडे बघा, स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी पडलेली असंही होतं. एक चॅनल रेकॉर्ड करताना दुसरा लावला की "नो सिग्नल" येत असेल आणि मागे दोन केबल असतील तर बॉक्सची पॉवर काढून (केबलमधून एलएनबीला व्होल्टेज जातं, म्हणून) त्या अदलाबदल करा. दोष दुसऱ्या ट्यूनरवर (बॉक्समधला चॅनल पकडणारा भाग, दोन केबलना दोन असतात) सरकला तर केबल किंवा एलएनबी, तिथेच राहिला तर बॉक्स. कनेक्टर काढलाच आहे तर आत हिरवट गंज किंवा पाणी आहे का तेही बघा. साधारण निम्मेच चॅनल गायब असतील तर अजून एक गंमत असते, काही चॅनलसाठी एलएनबीला 13 व्होल्ट लागतात आणि काहींसाठी 18, अॅडॉप्टर म्हातारा झाला की ते 18 पोचत नाहीत.

आणि मार्च नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस ठरावीक वेळेला थोडी मिनिटं चित्र जात असेल तर काहीही उघडू नका, सूर्य सॅटेलाइटच्या बरोबर मागे येतो तेव्हा असं होतं, आपोआप जातं.

आता फोन. ते स्क्रिप्ट वाचतात, त्या बिचाऱ्यांवर ओरडून उपयोग नाही, मी ओरडून बघितलंय. सरळ सांगा, रीस्टार्ट केला, केबल बदलून बघितली, ट्यूनर दोन फेल आहे, व्हिडिओ काढलाय. कंप्लेंट नंबर मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवायचं. दर फोनला नवीन कंप्लेंट उघडली की आधीची बंद झालेली दाखवतात, म्हणून जुन्याच नंबरवर बोला आणि वरच्या लेव्हलला द्या म्हणा. बॉक्स भाड्याचा आहे की आपला, आणि टेक्निशियनचा व्हिजिट चार्ज कोणाच्या डोक्यावर, हे तो यायच्या आधीच विचारा.

बॉक्स बदलून देतो म्हणाले तर लक्षात ठेवा, रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सला लॉक केलेलं असतं, डिस्क काढून नव्यात लावली किंवा कॉम्प्युटरला जोडली तरी चालत नाही, उलट बरेच बॉक्स लावल्या लावल्या ती फॉरमॅट करायला मागतात. तेव्हा जुना चालतोय तोवर टेक्निशियनला दोन दिवस उशिराची तारीख द्या आणि राहिलेले एपिसोड संपवा.