डीगेट, डीसम, डीकाउंट वापरताना या चुका टाळा

डीगेट (DGET), डीसम (DSUM) आणि डीकाउंट (DCOUNT) ही एक्सेलची फंक्शनं. वेगळ्या सेल्समध्ये मथळ्याखाली लिहिलेल्या अटींना जुळणाऱ्या नोंदींतून डीगेट एकच नोंद शोधून तिच्यातली किंमत आणतं, डीसम बेरीज करतं, डीकाउंट मोजणी करतं. ही फंक्शनं बिघडतात ती बहुतेक वेळा सूत्रामुळे नव्हे, तर अटी लिहिलेल्या सेल्समुळे. एरर आली तर निदान कळतं तरी. आकडा व्यवस्थित येतो पण चुकीचा असतो, ते जास्त घातक, कारण पुढचं बिल त्याच आकड्यावर निघतं.

दूध संकलनाच्या नोंदी घ्या: तारीख, गाव, सभासद क्रमांक, प्रकार, लिटर. ‘गाव’ या मथळ्याखाली नुसतं ‘वडगाव’ लिहून डीसमने लिटरची बेरीज काढली, की वडगाव बुद्रुक आणि वडगाव शेरीचं दूधही त्यात येतं. अटीतला साधा मजकूर म्हणजे ‘या अक्षरांनी सुरू होणारं काहीही’ असं एक्सेल समजतं. आपल्याकडे खुर्द-बुद्रुकची गावं इतकी आहेत की ही चूक कधी ना कधी होतेच. नेमकं वडगावच हवं असेल तर अटीच्या सेलमध्ये ="=वडगाव" असं लिहा. सेलमध्ये =वडगाव दिसेल, ते बरोबर आहे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये मात्र अट पूर्ण सेलशी जुळवायची की नाही, हे सेटिंगवर ठरतं. तिथे बेरीज वेगळी आली तर आधी तेच बघा.

दुसरी चूक रिकाम्या ओळीची. ‘पुढे अट वाढली तर असू दे’ म्हणून अटींच्या रेंजमध्ये एक मोकळी ओळ धरली, की सगळ्याच नोंदी जुळतात. रिकामी ओळ म्हणजे कुठलीच अट नाही, आणि वेगवेगळ्या ओळी ‘किंवा’ने जोडल्या जातात. एकाच ओळीतल्या अटी ‘आणि’ने. म्हणून वडगावचं म्हशीचंच दूध हवं असेल तर दोन्ही अटी एका ओळीत हव्यात. 1 ते 10 तारखेसाठी ‘तारीख’ हा मथळा शेजारी-शेजारी दोनदा लिहा; एकाखाली >= आणि दुसऱ्याखाली <= ची अट द्या. मथळे टाइप न करता मूळ नोंदींतून कॉपी करा, म्हणजे शेवटी राहिलेली स्पेस घोळ घालणार नाही.

डीगेटच्या एरर सरळ आहेत. #व्हॅल्यू! (#VALUE!) आली तर एकही नोंद जुळली नाही, #नम! (#NUM!) आली तर एकाहून जास्त जुळल्या. दुसरी दिसली तर सभासद क्रमांक दोनदा चढलाय का ते शोधा. सूत्रावर इफएररचं (एररऐवजी दुसरं काही दाखवणारं फंक्शन, IFERROR) पांघरूण घालू नका, दुबार नोंद तशीच लपून राहील.

डीकाउंट फक्त संख्या मोजतं. ‘गाव’ रकाना दिलात तर उत्तर 0. तिथे मजकुराच्या सेल्सही मोजणारं डीकाउंटए (DCOUNTA) वापरा.

नोंदी रोज वाढत असतील तर रेंज 200व्या ओळीवर थांबलेली नाही ना, हेही पाहा. कंट्रोल-टी दाबून टेबल करा आणि सूत्रात टेबलच्या नावापुढे [#All] जोडा. नुसतं नाव दिलं तर मथळ्यांची ओळ सुटते आणि रकाने ओळखले जात नाहीत.