पहिलं प्रॉपर्टी लोन: बँक पगार नाही, पगारातलं उरलेलं बघते

पंचविशीत गुंतवणुकीसाठी फ्लॅट घ्यायचं डोक्यात आलं की सगळे आधी साईट बघत सुटतात, लोनचं बघू नंतर म्हणतात. उलटं करा. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि चालू हप्त्यांना पेनाने गोल करा, कारण बँकवाला पण आधी तेच शोधणारे.

हिशोब असा, की ९ टक्क्याने २० वर्षांसाठी लाखाला महिना साधारण ९०० हप्ता बसतो. म्हणजे बाईकचा ४,५०० चा हप्ता चालू असेल तर तुमचं पाच लाखांचं लोन त्या बाईकने आधीच खाल्लंय! (मी अर्ज घेऊन गेलो तेव्हा खिशातला फोन पण हप्त्यावरच होता, असो.) म्हणून पगारवाढीची वाट बघण्यापेक्षा छोटे हप्ते आधी मिटवा, पात्रता लवकर वाढते. मुदत ३० वर्षं केली की हप्ता ८०५ वर येतो, लोन जास्त बसतं, पण लाखामागे एकूण व्याज १.१६ लाखावरून १.९ लाखावर जातं, हे कोणी आपणहून सांगत नाही.

"मी कधी कर्जच घेतलं नाही" हे अभिमानाने सांगू नका, बँकेला तुमचा काही अंदाजच येत नाही मग. एक क्रेडिट कार्ड, थोडा वापर, दर महिन्याला पूर्ण बिल, नुसतं मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) नाही. आणि घाबरून पाच ठिकाणी एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येकाची नोंद तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये (कर्ज-हप्त्यांचा इतिहास, बँक तो बघते) राहते.

भाडं येईल त्यातून हप्ता जाईल असं धरून चालू नका. घर रिकामं राहणार, दुरुस्त्या निघणार, म्हणून बँका सहसा भाड्याचा काही भागच उत्पन्नात धरतात. आणि व्याज कमी पडावं म्हणून फॉर्मवर "स्वतः राहणार" असं लिहायचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाही म्हणा, ती फसवणूक आहे.

डाउन पेमेंटमध्ये बरेच जण आपटतात. समजा सौदा ५० लाखाला ठरला, ८० टक्के लोन मिळणार, म्हणून तुम्ही १० जमवले. बँकेच्या माणसाने व्हॅल्युएशन, म्हणजे घराच्या किमतीचा अंदाज, ४५ चं केलं की लोन ३६ च, आता तुम्हाला १४ लागणार, वर नोंदणी आणि वकिलाचा खर्च वेगळा. घरच्यांनी पैसे दिले तर अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात ओतू नका, कुठून आले विचारतातच. आधीच घ्या आणि भेट म्हणून लिहून ठेवा. आईबाबांना सहअर्जदार करता येतं, पण तुमचा हप्ता चुकला की फोन त्यांना पण जाणार.

मंजुरीचं पत्र आलं तरी पैसे सुटेपर्यंत नोकरी बदलू नका, आणि नव्या घरासाठी म्हणून सोफा हप्त्यावर तर अजिबात घेऊ नका, बँक शेवटच्या आठवड्यात रिपोर्ट परत काढू शकते.