टॅब टाकताय? मग या चुका टाळा

वेबसाइटचं पान लांबलचक झालं की क्लायंट म्हणतो "टॅब करून टाका" आणि आपणही करून टाकतो. पण टॅब म्हणजे एक दिसणार आणि बाकीचं सगळं झाकलं जाणार, निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात डोकं खाणारा घोळ फॉर्मचा. नाव-पत्ता पहिल्या टॅबमधे, बँक डिटेल्स दुसऱ्यात, आणि आयएफएससी कोडला रिक्वायर्ड, म्हणजे भरणं सक्तीचं, लावलेलं. युजर पहिल्याच टॅबवरून सेव्ह दाबतो आणि काहीच होत नाही, ना एरर ना मेसेज, तो बिचारा बटण दाबत बसतो. क्रोमचा कन्सोल (डेव्हलपरसाठी एरर दाखवणारी खिडकी) उघडा, तिथे फील्ड 'नॉट फोकसेबल' आहे अशी लाल ओळ पडलेली असते. म्हणजे ब्राउझरला रिकाम्या फील्डवर कर्सर न्यायचाय, पण तो टॅब डिस्प्ले नन, म्हणजे सीएसएसने पूर्ण लपवलेला, असल्यामुळे जाता येत नाही, मग फॉर्म गुपचूप अडतो. उपाय काय तर फॉर्मला नोव्हॅलिडेट लावा (म्हणजे ब्राउझरची तपासणी बंद), चेकिंग स्वतःच्या कोडमधे करा, चूक ज्या टॅबमधे आहे तो आपोआप उघडा आणि त्याच्या नावाशेजारी खूण दाखवा. खरं तर ओळीने भरायच्या गोष्टींना टॅब नकोच, सरळ स्टेप्स करा.

प्लॅनची तुलना टॅबमधे नको, किंमत लक्षात ठेवून कोण इकडून तिकडे उड्या मारणार? टेबल द्या.

मराठी साइटवर वेगळीच गंमत. इंग्रजी थीममधलं लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, तसंच राहतं आणि 'सद्यस्थिती'ची शिरोरेखा तुकड्या-तुकड्यात तुटते, ते अंतर शून्य करा. टॅबची उंची फिक्स आणि ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारा भाग लपवणं) असेल तर वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जातो, उंची मोकळी सोडा आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) वाढवा. नावं लांब झाली म्हणून दोन ओळीत टॅब मात्र नको हां, जुन्या वर्डच्या ऑप्शन्समधे मागच्या ओळीवर क्लिक केलं की अख्खी ओळ पुढे यायची, आठवतंय ना?

रिफ्रेश केल्यावर परत पहिलाच टॅब येत असेल तर उघडा टॅब यूआरएलच्या हॅशमधे (पत्त्यातल्या # नंतरच्या भागात) ठेवा, व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली तरी समोरच्याला बरोबर तोच टॅब उघडतो.

आणि नुसत्या डिव्हला (एचटीएमएलच्या साध्या डब्याला) ऑनक्लिक लावून मोकळे होऊ नका, अंधांसाठी स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला ते टॅब आहेत हे कळतच नाही. एचटीएमएलमधे टॅबलिस्ट, टॅब, टॅबपॅनल हे रोल द्या, निवडलेल्याला ॲरिया-सिलेक्टेड (aria-selected) ट्रू करा, आणि ॲरो कीने पुढच्या टॅबवर जाता येतंय ना ते माउस बाजूला ठेवून एकदा बघा.