ग्राफिक्स कार्डाला खालचं कार्ड खेटतंय? जागा अशी काढा

मदरबोर्डवर स्लॉटच्या (कार्डं बसवायच्या खाचांच्या) जागांमधलं अंतर 20.32 मिमी असतं. आजची बरीच ग्राफिक्स कार्डं अडीच-तीन स्लॉट जाड. त्यांना लागूनच साउंड किंवा वाय-फाय कार्ड बसवलं, की पंख्यांना हवा मिळत नाही. तापमान चढतं, आवाज वाढतो.

पीसी बंद करून प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. ब्रॅकेटचा स्क्रू सोडवून छोटं कार्ड सरळ उपसा आणि सर्वांत खालच्या स्लॉटमध्ये बसवा. एक्स1 (सर्वांत छोट्या स्लॉटचं) कार्ड लांब एक्स16 स्लॉटमध्येही चालतं. पण आधी मॅन्युअल वाचाच: काही बोर्डांवर तो स्लॉट एम.2 किंवा साटा पोर्टशी (एसएसडी, हार्ड डिस्क जोडायच्या जागांशी) लेन, म्हणजे डेटाचे मार्ग, वाटून घेतो, आणि मग एसएसडी दिसेनाशी होते. बोर्डाच्या खालच्या कडेच्या यूएसबी, ऑडिओच्या वायरी कार्डाखाली दबू देऊ नका.

ग्राफिक्स कार्ड टोकाला झुकलं असेल तर आधी खालून टेकू द्या. तेवढ्यानेही काही मिलिमीटर मिळतात. कार्डांमध्ये पुठ्ठा मात्र कधीच खुपसू नका, हवा आणखी कोंडते.

रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून दूर बसवू देणारी जोडकेबल) हा शेवटचा उपाय. जेन 3 (स्लॉटच्या जोडणीची तिसरी पिढी) केबलवर जेन 4 कार्ड लावून स्क्रीन काळी राहिली, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) तो स्लॉट जेन 3 करा.