शकुंतलेच्या रुळांवर जाण्याआधी

शकुंतला म्हणजे वऱ्हाडातली, आता बंद पडलेली अरुंद रुळांची (नॅरोगेज) रेल्वे. मूर्तिजापूरला मुंबई–नागपूर मेनलाईनच्या गाडीतून उतरलात की एका बाजूला यवतमाळ, सुमारे 113 किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर, सुमारे 76. सगळी लाईन एका दमात पाहायच्या नादी लागू नका. कारंजा–दारव्हा किंवा दर्यापूर–अंजनगाव असा एखादा टप्पा धरा आणि तोच नीट पाहा.

जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात काळी माती बुटांना सोडत नाही आणि वऱ्हाडातला मे महिना कोणाला सांगायला नको. घोट्याच्या वर येणारे बूट, बाभळीच्या काट्यांना पुरून उरेल अशी जाड पँट, दुपट्टा, माणशी तीन लिटर पाणी आणि एक काठी. गवतातून काठी आपटत चाला, घोणस पटकन दिसत नाही. नाल्यांवरच्या जुन्या पुलांवर पाय ठेवू नका, खाली उतरून पलीकडे जा. उतरण्याआधी पुलाखाली आग्या मोहोळ तर नाही ना, ते बघा. गाडी बंद पडली म्हणून जागा बेवारस होत नाही, तेव्हा मूर्तिजापूरला स्टेशन मास्तरांना विचारून घ्या आणि शेतातून जायचं तर शेतकऱ्यालाही.

पिशवीत मेजपट्टी, मऊ ब्रश आणि टॉर्च हवेच. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा: 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. ब्रॉडगेजचं, म्हणजे नेहमीच्या मोठ्या लाईनचं, 1676. मग खाली बसून रुळाच्या उभ्या बाजूवरची धूळ ब्रशने झाडा आणि टॉर्च अगदी आडवी धरा. गंजाखालची उठावाची अक्षरं सावलीमुळे वाचता येतात. कारखान्याचं नाव आणि साल मिळालं, तर फोटो त्याच उजेडात काढा.

सगळ्यात मोठी तयारी मात्र प्रश्नांची. 1994 पर्यंत इथे वाफेचं इंजिन धावत होतं, त्यामुळे त्यात बसलेली माणसं पारावर हमखास भेटतात. गार्डच तिकिटं कशी फाडायचा, फाटक कोण लावायचं, कापसाच्या गाठी कुठून चढायच्या, हे काका-आजोबांना विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर रेकॉर्ड करा. हे कुठल्याच कागदावर सापडणार नाही.

आठवण म्हणून खिळा किंवा फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) उचलू नका. 1966 च्या कायद्याने रेल्वेचा माल जवळ बाळगणं गुन्हा आहे. परतीच्या एसटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा.