सतरंजीवरची ओपीडी

एम.डी. पेडियाट्रिक्सच्या, म्हणजे बालरोगाच्या, तीन वर्षांत माझा हात भराभर चालायचा. छाती ऐकली, वजन पाहिलं, औषध लिहिलं, पुढचा. मग बालविकासाच्या फेलोशिपला गेले. पहिल्याच दिवशी मॅडमनी खुर्चीवरून उठवून सतरंजीवर बसवलं आणि म्हणाल्या, "आज काही विचारू नकोस. तो काय करतो ते नुसतं बघ." समोर अडीच वर्षांचा मुलगा गाडीचं चाक फिरवत होता. पाऊण तासात मी तीनदा घड्याळ पाहिलं.

मुलांचा विकास तपासणाऱ्या या शाखेत यायचं कसं, असं ज्युनियर मुलं सारखी विचारतात. एम.बी.बी.एस.ची इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, मग पेडियाट्रिक्समध्ये एम.डी. किंवा त्याच तोडीचं डी.एन.बी., आणि त्यानंतर बहुतेकांसाठी फेलोशिप. तिरुवनंतपुरमच्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरचा डेव्हलपमेंटल न्यूरॉलॉजीचा डिप्लोमा करून आलेलेही भेटतात. अमेरिकेत पेडियाट्रिक्सनंतर सलग 3 वर्षं याच विषयाची. पेडियाट्रिक न्यूरॉलॉजीचं डी.एम. हा रस्ता वेगळा. फिट्स, एमआरआय, मेंदूचे आजार यांत जीव रमत असेल तर खुशाल तिकडे जा. 'हा शाळेत बसेल का, स्वतःच्या हातानं जेवेल का' हे प्रश्न डोक्यातून जात नसतील तर इकडे या.

चाचण्या शिकाव्या लागतात आणि त्या पुस्तकातून येत नाहीत. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी आपण 'डासी' ही विकासाची चाचणी वापरतो. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात केलेल्या कामातून ती उभी राहिली. हालचालींच्या 67 आणि बौद्धिक विकासाच्या 163 बाबी. पेटीतले ठोकळे बाळासमोर कसे ठेवायचे, किती वेळ थांबायचं, हे कोणाच्या तरी हाताखाली बसूनच जमतं. मूल रोजच्या व्यवहारात किती स्वतःचं स्वतः करतं हे मोजणारं व्हाइनलँड स्केल तर आपल्या नागपूरचं म्हणायला हरकत नाही, भारतीय मुलांसाठी ते मॅलिन यांनी तिथेच बेतलं. ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, अपंगत्व दाखल्यासाठी 'इसा' ही चाचणी लागते. तिच्यात 40 बाबी आहेत आणि गुण 70च्या खाली असतील तर ऑटिझम धरत नाहीत. आकडे पाठ होतात हो. माझी चूक झाली ती दुसरीकडेच.

दोन वर्षांची मुलगी. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. मी कागदावर 'ऑटिझम?' लिहून मोकळी झाले. मॅडमनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "बेरा कुठाय?" बेरा म्हणजे कानाची तपासणी, ती मी सांगितलीच नव्हती. ती झाली, दोन्ही कानांना फार कमी ऐकू येत होतं. मला जास्त लागलं ते पुढचं. माझ्याच टिपणात लिहिलेलं होतं की मुलगी फळीवरच्या बिस्किटाकडे बोट दाखवते आणि मग वळून आईच्या तोंडाकडे बघते. ऑटिझममध्ये नेमकं हेच कमी दिसतं. तिथे मूल बरेचदा आईचं मनगट धरून तिचा हात डब्यापर्यंत नेतं, तोंडाकडे बघतही नाही. मी हे पाहिलं होतं, लिहिलंही होतं, फक्त वाचलं नव्हतं. तेव्हापासून उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर पहिली ओळ कानाची.

आईवडिलांशी बोलणं हा वेगळाच अभ्यास. "याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता," हे आजी सांगणारच. आजीला खोडून काढू नका. घरात तिचंच चालतं, आणि उद्या थेरपीला मुलाला बहुधा तीच आणणार आहे. मुलाचं निदान एकट्या आईला सांगून घरी पाठवू नका. ती ते घरी जाऊन सांगते आणि दोष तिच्याच माथी येतो. वडिलांना बोलावून घ्या, त्यासाठी आठवडाभर थांबावं लागलं तरी चालेल. थेरपी मात्र त्या आठवड्यासाठी अडवू नका.

दाखल्याचं कामही शिकून घ्या, ते कमीपणाचं नाही. 2016च्या कायद्यानं अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. त्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमताही आहे. 40 टक्के अपंगत्वाची अट कुठे लागते हे तुम्हाला ठाऊक नसेल तर ते कुटुंब चार कचेऱ्या हिंडतं. सरकारी नोकरीत असाल तर जिल्ह्याचं अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर, म्हणजे मुलांवर वेळेत उपचार सुरू करणारं केंद्र, बघून या. 2013मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांमधून वेचलेली मुलं तिथे पोचतात.

पैसा? एका मुलाला तास लागतो. त्या तासात शेजारचा दोस्त दहा-बारा पेशंट बघतो. माझी पहिली दोन वर्षं सकाळच्या लसीकरणावर निघाली, आणि अजूनही आठवड्यातले तीन दिवस मी साधी ओपीडी करते. थेरपिस्टशी भांडण असेल तर या धंद्यात टिकता येत नाही. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीचवाल्या ताईंच्या खोलीत पहिला महिना गप्प बसा, चहा त्यांच्याबरोबर प्या.

आणि रुजू होताना ढगळ सुती कपडे घ्या, गळ्यात लोंबणारं काही नको. स्टेथोस्कोप खिशात ठेवा, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत तो ओढला जातो.